विचारा, सांगतो: व्हिजन प्रो घ्यावा का?

प्रश्न: माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. येताना अमेरिकेतून ॲपलचा व्हिजन प्रो, म्हणजे डोळ्यांवर बांधून आत चित्र पाहायचा हेडसेट, आणू का, असं विचारतो. चतुर्थीला घरात सगळे मिळून वापरू म्हणतो. एवढे पैसे घालावेत का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: काकी, माझं मत विचाराल तर नको. चित्र अप्रतिम आहे, यात वाद नाही. दोन्ही डोळ्यांचे पडदे मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके. पण २०२४ साली तो बाजारात आला तेव्हा किंमत होती ३,४९९ डॉलर, आणि एवढं मोजून एका वेळी पाहणार एकच माणूस. चतुर्थीला तुमच्याकडे वीस जण जमणार, बाकीच्यांनी काय करायचं?

त्यात चेहऱ्याला टेकणारी गादी चेहरा स्कॅन करून मापाने निवडतात. मुलाला नीट बसेल ती तुम्हाला बसेलच असं नाही. चष्मा लावून तो घालता येत नाही, नंबरच्या भिंगांचे पैसे वेगळे. वजन सहाशे ग्रॅमच्या वर, बरंचसं चेहऱ्यावर. बॅटरी वायरने जोडून खिशात, ती साधारण दोन-अडीच तास चालते. आपल्या दमट हवेत दोन तास तोंडाला गादी बांधून कोण बसेल?

घराघरांत शिरायला असं यंत्र हलकं आणि स्वस्त व्हायला हवं. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने २०२४मध्येच क्वेस्ट ३एस हा असाच हेडसेट २९९ डॉलरपासून विकायला काढला. चित्र तेवढं सुबक नाही, पण मुलांच्या खेळांना पुरतं. मुलाची हौस मात्र मोडू नका. अमेरिकेत उतरला की ॲपलच्या दुकानात वेळ ठरवून डेमो घेऊ दे, तो फुकट असतो.