पशुसल्ला : भातखाचरात बसवलेल्या मेंढ्या आणि लिव्हर फ्लूक

प्रश्न : दिवाळीनंतर माळशेज घाट उतरून आम्ही मुरबाडकडे येतो आणि मेंढ्या भातखाचरांत बसवतो. डिसेंबरात सगळ्यांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिन टोचले. तरी फेब्रुवारीत काही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी साचले, दोन दगावल्या. औषध खोटे निघाले का?
— मेंढपाळ वाचक, मुरबाड (जि. ठाणे)

उत्तर : औषध चांगले असले तरी असे होऊ शकते. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर चालते, लिव्हर फ्लूकवर (यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीवर) मुळीच नाही. आणि ओल्या खाचरात मोठी भीती फ्लूकचीच. पाण्यातल्या गोगलगायीत वाढलेली त्याची पिल्ले बाहेर पडून काठच्या गवताला, धसकटांना चिकटतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. यकृत पोखरत पित्तनलिकेत पोचून अंडी घालायला त्यांना तीन महिने किंवा जास्त लागतात. तोवर लेंडीत अंडे दिसत नाही, पण यकृत पोखरणे चालूच असते. बाधा जबर असेल तर मेंढी सूज न दिसताच मरते.

सूज फ्लूकचीच असते असेही नाही. चौथ्या पोटातला रक्तपिपासू गोलकृमीही जबड्याखाली तीच सूज आणतो, आणि पापणीही फ्लूकसारखीच आतून पांढरी पडते. म्हणून पुढची मेंढी दगावली तर पशुवैद्यकाकडून यकृत आणि चौथे पोट उघडून पाहून घ्या. लेंडी देताना ‘गाळ पद्धतीने तपासा’ असे आवर्जून सांगा. फ्लूकचे अंडे जड असते, तरंगवण्याच्या तपासणीत ते निसटते.

औषध ट्रायक्लाबेंडाझोल, किलोमागे १० मि.ग्रॅ.; ते कोवळ्या फ्लूकवरही चालते. खाचरात उतरल्यावर पाच-सहा आठवड्यांनी एकदा आणि घाट चढण्याआधी एकदा, पशुवैद्यकाला विचारून पाजा. क्लोझँटेल अगदी कोवळ्या फ्लूकवर चालत नाही, आणि मात्रा जास्त झाली तर मेंढी आंधळी होते; अंदाजाने कधीच देऊ नका. औषध पाजलेली मेंढी बाटलीवरची मुदत संपेपर्यंत कापायला विकू नका.

चराईची जागा औषधाइतकीच मोलाची. ओहोळाच्या, पाटाच्या काठी चारू नका. सकाळी वरकसावर (उंचावरच्या कोरड्या जमिनीवर) न्या, खाचरात कोरड्या भागातच सोडा. जिथे म्हशी डुंबतात ते तळे टाळा. म्हैस धडधाकट दिसते, पण तिच्या शेणातून फ्लूकची अंडी पाण्यात जात राहतात. मेंढ्यांचा वाडा (मुक्काम) दोन-तीन दिवसांनी हलवण्याची तुमची रीत मात्र मोडू नका. लेंडीतली गोलकृमींची पिल्ले लागण्याजोगी व्हायला ओलाव्यात चार-सात दिवस लागतात, त्याआधी कळप पुढे गेलेला असतो.

प्रश्न : अल्बेंडाझोल (२.५ टक्के) ३० किलोच्या मेंढीला किती? — शहापूर

उत्तर : गोलकृमींसाठी ९ मि.लि. (किलोमागे ७.५ मि.ग्रॅ.). मात्रा गटातल्या सर्वांत जड मेंढीच्या वजनावर ठरवा; कमी पडली की चिवट जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. डोके वर ताणू नका, औषध श्वासनलिकेत जाते. गाभण राहिल्यापासून पहिले दीड महिना हे औषध पाजू नका, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.