छातीत धडधडतं, दुखतं, श्वास लागतो. पॅनिक अटॅक की हार्ट अटॅक, घरच्या घरी कसं ओळखायचं?

पहिल्यांदाच होत असेल तर ओळखत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा, ईसीजी काढा. पण तुम्ही लिहिलंय की तपासण्या नॉर्मल आल्यापासून घरचे ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणतात, आणि तेच वाचून मी लिहायला बसले.

माझ्या ताईला कित्येक वर्षं पॅनिक अटॅक येतात. आला की ती एका जागी बसत नाही. घरभर फेऱ्या मारते, सारखी बोलत राहते, ‘मी आता मरणार’ म्हणते. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, कारण भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. साधारण १० मिनिटांत कळस, मग हळूहळू ओसरतं.

त्या संध्याकाळी ती जिना चढून आली आणि खुर्चीत बसली ती बसलीच. तोंडातून शब्द नाही. एका हाताने जबडा धरलेला, कपाळावर थंडगार घाम. भावोजी म्हणाले, ‘तिचं नेहमीचंच आहे, मोठे श्वास घ्यायला लाव.’ नेहमीचं असतं तर ती गप्प बसली असती का? मी तिला सरळ गाडीत घातलं.

पहिला ईसीजी नॉर्मल. भावोजींनी आल्या आल्या ‘हिला अँग्झायटी आहे’ सांगून ठेवलेलं, त्यामुळे ड्युटीवरचे डॉक्टर घरी सोडायलाच निघाले. मी अडून बसले: ट्रोपोनिनची रक्ततपासणी करा, ईसीजी परत काढा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी ट्रोपोनिन रक्तात वाढायला वेळ लागतो, म्हणून ते काही तासांनी पुन्हा बघतात. तिचं दुसऱ्यांदा वाढलेलं निघालं. अँजिओप्लास्टी झाली. आज ती ठणठणीत आहे.

भावोजी अजून म्हणतात, ‘ईसीजी नॉर्मल होता, कुणाला कसं कळणार?’ कळत होतं. बायकोचं रोजचं दुखणं आणि आजचं दुखणं यातला फरक ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही, तिच्याकडे बघावं लागतं. बाईच्या छातीत दुखलं की टेन्शन आणि पुरुषाच्या दुखलं की हार्ट, हा हिशेब मला मान्य नाही. उलट बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत फारसं न दुखता नुसती धाप, मळमळ, पाठदुखी घेऊनही हार्ट अटॅक येतो.

हार्टचं दुखणं बहुतेकदा दाबल्यासारखं, आवळल्यासारखं. हात, मान, जबड्याकडे सरकणारं, श्रमाने वाढणारं. पॅनिकचं बरेचदा टोचल्यासारखं, एका जागी. अर्थात याला अपवाद भरपूर, आणि हार्ट अटॅक आलेल्या माणसालाही भीती वाटतेच. ताईची लक्षणं ताईची, तुमची वेगळी असू शकतात. मी डॉक्टर नाही.

हृदय ठीक आहे असं डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं असेल तर सायकियाट्रिस्टकडे जरूर जा. पॅनिक हा खरा आजार आहे, थेरपीने आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो. पण दुखण्याची तऱ्हा बदलली तर पुन्हा हॉस्पिटल गाठा. तिथे आधी कुठे दुखतंय, कधीपासून, काय करताना सुरू झालं ते सांगा. अँग्झायटीचं आणि त्यावरच्या गोळ्यांचं नंतर सांगा, लपवू मात्र नका. आणि बोलायचं तुम्ही स्वतः, घरच्यांना बोलू देऊ नका.