पांढऱ्या कार्डवाल्यांना बाहेर काढू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. निवेदनाचा मसुदा वाचला. धार चांगली आहे, विशेषणं थोडी छाट. जिल्हाधिकारी कार्यालयात पहिलं पान वाचलं गेलं तरी खूप. पण पत्र लिहायला बसलो ते तुझ्या तिसऱ्या मागणीमुळे. 'महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना वगळा, पैसा खऱ्या गरजूंना मिळू द्या.' वाचताना न्यायाची वाटते. माझा तिला सपशेल विरोध आहे.

ही योजना कुठून कुठे आली ते बघ. १९९७ ची जीवनदायी मोजक्या मोठ्या आजारांपुरती होती. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर. पिवळं आणि केशरी कार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाख. सत्तेवर दुसरे आले, २०१७ मध्ये पाटी बदलली, योजना राहिली. मग केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून पाच लाखांचं संरक्षण सगळ्यांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. नाव बदलायला सगळे पुढे, बंद करायला कुणी धजावलं नाही. हे सरकारांचं औदार्य समजू नकोस. एकदा हातात पडलेलं लोक परत देत नाहीत, हे पुढाऱ्यांना आपल्याहून आधी कळतं.

मग पांढऱ्या कार्डवाले कशाला हवेत? हे मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत शिकलो. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, १९४८ च्या कायद्याची. आज कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात, म्हणजे उपचार हक्काचा, कुणाची मेहेरबानी नाही. पण त्याला पगाराची मर्यादा आहे, २०१७ पासून २१ हजार. पगार त्यावर गेला की माणूस बाहेर. आमच्या युनियनमध्ये गेटवर उभं राहून बोलणारे, मॅनेजरच्या केबिनमध्ये न घाबरता शिरणारे सगळे पर्मनंट. एकेक करून ते मर्यादेपलीकडे गेले, कंपनीच्या मेडिक्लेमवर आले. ईएसआय दवाखान्याचा विषय आधी बैठकीत पहिला असायचा. मग शेवटचा झाला. मग तो 'आयत्या वेळचे विषय' यात जाऊन बसला, आणि आयत्या वेळी चहा यायचा. गरज संपली नव्हती. कंत्राटी पोरं होतीच, पण त्यांना बैठकीत खुर्ची नव्हती.

आता काउंटरवरचं सांगतो. एका खासगी रुग्णालयात सुरगाण्याकडचा, आदिवासी तालुक्यातला एक जण प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन बसला होता. काउंटरवरून उत्तर आलं: आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयातला योजनेचा मदतनीस, जागेवर नाही, योजनेचे बेड भरलेत, आधी डिपॉझिट भरा, नंतर बघू. तो नुसता मान डोलवत होता. शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी, गंगापूर रोडचे, पांढऱ्या कार्डवाले. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "बेड नाही हे लेटरहेडवर लिहून द्या, सही-शिक्क्यासह." आरोग्यमित्र जिन्यावरूनच धावत आला. त्यांचं काम झालंच, आणि मागोमाग सुरगाण्याच्या माणसाचे कागदही अपलोड झाले. तुझ्या तिसऱ्या मागणीप्रमाणे त्या दिवशी बँकवाले तिथे नसते.

अमेरिकेचा परिच्छेद मसुद्यातून काढ, पण स्वतःसाठी नीट समजून घे. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी एकाच कायद्यावर सही केली आणि दोन योजना जन्मल्या. मेडिकेअर म्हाताऱ्यांसाठी, गरीब-श्रीमंत सगळ्या. मेडिकेड गरिबांसाठी, राज्यांच्या हातात. ओबामांच्या २०१० च्या कायद्याने मेडिकेडची व्याप्ती वाढवली, तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि अनेक राज्यांनी नकार दिला. २०२५ च्या कायद्याने त्यातल्या बऱ्याच प्रौढांना महिन्याला ८० तास कामाची अट घातली. मेडिकेअरच्या म्हाताऱ्यांना असं बोलून बघावं कुणी! खासगी विम्याशेजारी सरकारी विम्याचा पर्याय मात्र त्यांना ओबामांच्या कायद्यातही जमला नाही. २००९ मध्ये प्रतिनिधी सभेने मंजूर केला, सिनेटमध्ये अडवणूक मोडायला ६० मतं लागतात, त्या गणितात सिनेटर लिबरमन अडून बसले आणि तो वगळला गेला.

तुझी भीती खोटी नाही. पैसा तेवढाच आणि रांग दुप्पट झाली, तर ढकलला जाईल तो पेठ-सुरगाण्याचाच. म्हणून मागणी फिरव. लोक कमी करा असं न म्हणता नाकारलेल्या प्रत्येक रुग्णाची लेखी नोंद माग, योजनेच्या रिकाम्या बेडांचा फलक दर्शनी भागात माग, आणि ग्रामीण रुग्णालयातली रिक्त पदं भरा हे सगळ्यात वर घे. सर्जनच नसेल तर पाच लाखांचं कार्ड घेऊन माणूस शेवटी नाशिकच्या खासगी दारातच येणार.

डॉक्टरांना सरसकट लुटारू म्हणू नकोस. दहा खाटांच्या नर्सिंग होमवाल्याला पॅकेजचा दर परवडत नाही आणि बिल अडकलं की पगार थकतात, हे गाऱ्हाणं खरं असतं. राजस्थानात २०२३ च्या मार्चमध्ये आरोग्य हक्क कायदा झाला आणि डॉक्टर संपावर गेले. शेवटी ५० खाटांपेक्षा लहान, तसंच सरकारी सवलत न घेतलेली खासगी रुग्णालयं वगळायचं मान्य करावं लागलं. लहान डॉक्टर आणि कॉर्पोरेट एका गठ्ठ्यात बांधलेस की दोघं मिळून तुझ्यावर येतील.

आणि एक किरकोळ, पण मोर्चात हसं करणारी गोष्ट. बिटको आणि झाकीर हुसेन ही रुग्णालयं महापालिकेची, त्यांचं गाऱ्हाणं आयुक्तांकडे. त्र्यंबक नाक्याचं सिव्हिल राज्याचं. १५ ऑगस्ट २०२३ पासूनचा मोफत उपचारांचा निर्णय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी आहे. त्याचा दाखला महापालिकेच्या दारात देऊ नकोस.

रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक आहे. निम्म्यांना आपण योजनेत बसतो हेच माहीत नाही. तुझ्यासाठी पंधरा मिनिटं मागून ठेवली आहेत, आयत्या वेळच्या विषयांत नाही, पहिल्या क्रमांकावर. रेशनकार्ड-आधारची कागदपत्रं काय लागतात याच्या पन्नास झेरॉक्स काढून आण. सुधारलेलं निवेदन तिथेच सह्यांना फिरवू.

तुझा,
काका