अमेरिकेतल्या विमा एजंटांचे ‘युजर ग्रुप’ कशातून निघाले?
मूळ दुखणं कागदाचं. प्रत्येक विमा कंपनीचा फॉर्म वेगळा, त्यामुळे एकाच ग्राहकाची माहिती एजंटाने पुन्हा पुन्हा लिहायची. १९७० मध्ये ‘अकॉर्ड’ ही ना-नफा संस्था निघाली आणि तिने फॉर्म एकसारखे केले. त्यातला ‘अकॉर्ड २५’, म्हणजे विमा असल्याचं प्रमाणपत्र, तिथल्या कंत्राटदारांकडे आजही हमखास मागतात. पुढे एजन्सीत संगणक आले, तर तीच कटकट स्क्रीनवर! मग एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणारे एजंट एकत्र आले, हेच ‘युजर ग्रुप’: ‘अप्लाइड’वाल्यांचं एएससीनेट (आताचं अप्लाइड क्लायंट नेटवर्क), ‘व्हर्टाफोर’वाल्यांचं नेटव्हीयू. एकट्या एजंटाला कोण विचारतो? गटाने मिळून मागितलेली सुधारणा मात्र सॉफ्टवेअर कंपनीला कानाआड करणं जड जातं. शिवाय आता या गटांमध्ये प्रशिक्षणही भरपूर चालतं.