टेबलाआधी खुर्ची मोजा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं वर्षातून चार-पाच वेळा गाडीत तंबू टाकून बाहेर पडतो. आजवर ताट मांडीवर आणि स्वयंपाक उकिडवं बसून जमिनीवर, असंच चाललं. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून घडीचं टेबल घ्यायचंय. थोरल्याला अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, गुंडाळून पिशवीत जाणारं पसंत आहे. नवऱ्याला मधोमध मिटून सुटकेससारखं उचलता येणारं हवंय. दोन्हींवर ‘भार ३० किलो’ असंच लिहिलंय. मग निवडायचं कशावरून?

उत्तर : तुमच्या पत्रात टेबलाबद्दल सगळं आहे, फक्त बसणार कशावर ते नाही. ही चूक मीही केली होती. पहिलं टेबल घेतलं ते चांगलं ७० सेंटिमीटर उंचीचं, घरच्या जेवणाच्या टेबलाएवढं. खुर्च्या मात्र खोलगट, कापडी. त्यात बसलं की टेबलाची कड थेट छातीशी. दोन दिवस आम्ही सगळे शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरांसारखे हात वर करून जेवलो, आणि तिसऱ्या दिवशी ताटं पुन्हा मांडीवर आली.

तेव्हा आधी खुर्च्या बाहेर काढा. खुर्ची रिकामी मोजू नका, कापड माणसाच्या वजनाने खाली जातं. एकाला नीट बसवा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. टेबल त्या उंचीचं किंवा बोटभर खाली असलं की जेवण सुखाचं होतं. बैठक आणि टेबलाचा वरचा भाग यांत साधारण २५ ते ३० सेंटिमीटर अंतर लागतं, असाही हिशेब धरता येईल. म्हणजे बसल्यावर बैठक ३० सेंटिमीटरवर येत असेल, तर टेबल ५५ ते ६० चं हवं. बाजारात ठेंगणी टेबलं ४०-५० ची आणि उंच ७० च्या आसपासची, त्यामुळे नेमकी मधली उंची हवी असेल तर पाय सरकवून कमी-जास्त करता येणारंच बघावं लागतं.

उभं राहून चिरायचं-कापायचं असेल तर ७० सुद्धा कमी पडतं. उभ्याने काम करताना टेबल कोपराच्या वीतभराहून थोडं कमी इतकं खाली असावं. त्याहून ठेंगणं असलं की अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. तुमचे गुडघे वाचवायचेत, तर त्यांच्या बदल्यात कंबर देऊ नका.

आता तुमच्या घरातलं भांडण. गुंडाळीच्या टेबलाच्या पट्ट्या आतून लवचीक दोरीने ओवलेल्या असतात आणि खालच्या सांगाड्यावर ताणून बसवायच्या असतात. अॅल्युमिनियम त्याच आकाराच्या पोलादापेक्षा जवळपास तिपटीने हलकं, म्हणून उचलायला बरं. भिजलं तर काही बिघडत नाही आणि गरम पातेलं टेकवलं तरी डाग पडत नाही. पण पट्ट्यांमध्ये फटी असतात. उंच पेला फटीवर तिरका उभा राहतो, आणि धाकटं मूल चित्र काढायला बसलं की पेन्सिल कागदातून आरपार जाते. आमच्या टेबलाची दोरी काही वर्षांनी सैल पडली. पट्ट्या मधे झोळीसारख्या बसायला लागल्यावर मी ती स्वतः बदलली. अवघड काम नाही, वैतागाचं आहे.

मधोमध मिटणाऱ्याचं सगळं भवितव्य वरचा भाग कशाचा आहे त्यावर ठरतं. लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी असेल तर सोडून द्या. माझ्या एका टेबलाची ती होती. वर छान गुळगुळीत पापुद्रा, कडेला धातूची पट्टी. एका रात्री दवात बाहेर राहिलं. पाणी कडेच्या पट्टीखाली शिरलं आणि सकाळी दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे फळी फुगलेली. त्यानंतर ते कधी पूर्ण मिटलंच नाही, घरी परत आलं ते दोरीने बांधून. जाड पोकळ प्लॅस्टिकचं घेतलंत तर पाण्याची चिंता मिटते, उष्णतेची मात्र सुरू होते. हे प्लॅस्टिक बहुधा पॉलिथिन असतं. ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. नुकता स्टोव्हवरून उतरवलेला तवा याहून सहज जास्त तापलेला असतो. त्यावर लाकडी पाट ठेवूनच भांडं टेकवायचं, ही सवय घरातल्या चौघांनाही लागणार असेल तरच त्या वाटेला जा.

राहता राहिले ते ३० किलो. हा आकडा भार सगळीकडे सारखा पसरलेला आणि स्थिर असताना असतो. तुमची ताटं, पातेली आणि पाण्याचा कॅन मिळून ३० किलो व्हायचे नाहीत. टेबल आडवं होतं ते कुणीतरी खोल खुर्चीतून उठताना कडेवर हात रेटतं तेव्हा. भार पायांच्या चौकोनाच्या बाहेर पडला की पलीकडचे पाय उचलले जातात, मग वर कितीही किलो लिहिलेले असोत. दुकानात टेबल उघडून मागा. पाय वरच्या फळीच्या किती आत आहेत ते बघा, जितके आत तितकं टेबल उलटायला सोपं. मग ५ लिटर पाण्याचा भरलेला कॅन, म्हणजे साधारण ५ किलो, अगदी कोपऱ्यावर ठेवा आणि समोरच्या कोपऱ्याचा पाय उचलला जातो का ते पाहा. शेवटी दोन्ही हातांनी धरून लांबीच्या दिशेने हलवा. पायांमध्ये तिरपा किंवा आडवा दांडा नसेल तर टेबल झुलेल. नवं असताना एवढं झुलतंय, तर सांध्यांतले रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्या, ढिले झाल्यावर काय होईल याची कल्पना करा.

पायांचा आणखी एक मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. तंबूची जमीन कधीच सपाट नसते. चारही पाय एकेकटे लांब-आखूड करता येत असतील, तर त्यासाठी इतर हौशी कमी करा. पायाखालची टोपणं रुंद हवीत, नाहीतर ओल्या मातीत एक पाय हळूहळू रुतत जातो आणि जेवण संपेपर्यंत रस्सा एका बाजूला आलेला असतो. पाय तसे नसतील तर एक जुनी युक्ती आहे. डुगडुगणारं टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवत जा, बहुतेक वेळा पाव फेरीच्या आत चारही पाय टेकतात. गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या सदरात हेच कोडं मांडलं होतं, आणि चौरस टेबल, सारखे पाय व मधेच पायरी नसलेली जमीन असेल तर त्यामागे गणितही आहे. फक्त डुगडुगणं थांबतं, टेबल सपाट होतंच असं नाही.

तुमच्या घरासाठी माझा कौल : जेवायला १२० बाय ६० चं प्लॅस्टिकचं, मधोमध मिटणारं, उंची बदलणारं. चौघांना लांब बाजूंना दोघं-दोघं बसता येतं, कारण एका माणसाच्या कोपरांना साधारण ६० सेंटिमीटर लागतात. मिटल्यावर ते ६० बाय ६० चं चपटं होतं आणि डिकीत उभं सरकतं. ते सगळ्यात शेवटी भरा. पोहोचल्यावर सामान ठेवायला पहिल्यांदा तेच लागतं, आणि आमचं टेबल मात्र कितीतरी वर्षं सगळ्याच्या तळाशी असायचं. थोरल्याची हौस छोट्या गुंडाळीच्या टेबलावर भागवा. त्यावर स्टोव्ह ठेवा, तंबूच्या बाहेर. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, पाऊस असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि गॅसचा डबा शेजारीच जोडलेला असेल, तर त्याच्यावर तरंगेल इतकं रुंद पातेलं चढवू नका.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावरून आल्यापासून टेबलाचे पाय सरकेनासे झालेत. तेल घातलं, तरी कच्च आवाज येतो.

उत्तर : तेल घातल्यामुळेच येतो. तेलाला वाळू चिकटते आणि नळीच्या आत कानशीसारखी घासत राहते. पाय पूर्ण बाहेर निघत असतील तर काढा. साबणाच्या कोमट पाण्याने तेल घालवा, मग साध्या पाण्याने नळी आतून धुवा आणि उभी करून पुरती वाळू द्या. त्यानंतर सिलिकॉनचा कोरडा फवारा मारा. वाळू नसली तरी समुद्रावरून आल्यावर टेबल गोड्या पाण्याने धुवायचंच. अॅल्युमिनियमवर तांबडा गंज चढत नाही म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण पोलादी रिव्हेट जिथे त्याला टेकतो तिथे खारं पाणी दोघांच्या मधे बसून अॅल्युमिनियम खात जातं. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते का बघा. दिसली आणि रिव्हेट बोटाने फिरला, तर त्या टेबलावर आता फक्त कपडे वाळत घाला.