त्याचीही देवी तीच, माझीही तीच

श्रावणातल्या पावसात म्हापशाला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या रोडावते. त्या दुपारी ताई मात्र पेडण्याकडून दोन बस बदलून, ओल्या पदरानं आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांनी स्वतः होकार दिला.) मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, देवीवर माझा पूर्ण भरवसा आहे. मग मला भीती का वाटते?"

हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतो. बार्देशातल्या एका ख्रिस्ती आजींनी तो विचारला होता, तेव्हा त्यांना दाविदाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या 56व्या स्तोत्राची आठवण करून दिली होती. तिथे स्तोत्र गाणारा आधी आपण घाबरल्याचं कबूल करतो आणि त्या घाबरलेल्या अवस्थेतच देवावर भरवसा टाकतो. भीती संपेपर्यंत तो थांबत नाही.

ताईंची भीती अगदी ठोस होती. वाड्यामागचा, म्हणजे त्यांच्या वस्तीमागचा, डोंगर कापायला सुरुवात झाली होती. त्या डोंगराच्या पायथ्याला झर आहे, वाड्यातल्या विहिरींना पाणी तिथूनच. ताई ग्रामसभेत उभ्या राहिल्या आणि परवानगीचा कागद मागितला. मागणी रास्तच होती. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या 17अ कलमाप्रमाणे मुख्य नगरनियोजकांच्या लेखी परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही. पण जमीन विकणारा त्यांचा चुलत दीर. त्या दिवसापासून वाड्यानं तोंड फिरवलं. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, दुकानात शिरल्या की गप्पा बंद. रात्री फोन वाजायचा आणि पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा. दोनदा शिवीही ऐकू आली. झोप तीन तासांवर आली होती, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. देवळात जाणं त्यांनी सोडलं होतं.

"देऊळ का सोडलंत?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दिरानं प्रसाद घेतला. उजवा मिळाला म्हणे. म्हणजे देवी त्याच्या बाजूला. त्याचीही देवी तीच, माझीही तीच. मी कुणाकडे जाऊ?" (देवीला लावलेली पाकळी कुठल्या बाजूनं पडते यावरून कौल घेतात; उजवी म्हणजे होकार.)

खरं दुखणं इथे होतं. लोक तुटले ते त्यांनी सोसलं असतं. आसराच दुसऱ्यानं आपल्या नावावर करून घेतल्यासारखं झालं होतं, ते त्यांना सोसवत नव्हतं.

कौलाचा अर्थ लावणं माझं काम नाही, हे मी त्यांना सांगितलं. फक्त एवढंच विचारलं, की दिरांनी देवीला नेमकं काय विचारलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नव्हतं. वाड्यात पसरलं होतं ते फक्त 'उजवा मिळाला' एवढंच. विरोधात उभा असलेला माणूस देवाच्या वतीनं बोलतो आहे असं वाटू लागलं, की भल्याभल्यांचे पाय डळमळतात. अशा वेळी ऐकीव गोष्ट आणि देव यांच्यात थोडं अंतर पाडावं लागतं.

त्या दिवशी त्यांचं आधीचं काही मोडायची घाई मी केली नाही. रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हे सरळ विचारलं (नाही म्हणाल्या, नजर न चुकवता) आणि रात्री असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक वहीत लिहून दिला. शिवाय फोनची तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवून पोलीस स्टेशनवर लेखी तक्रार द्या म्हटलं. त्यावर त्या दचकल्या. "म्हणजे देवीवर विश्वास नाही असं होईल ना?"

मला मंगेशाची गोष्ट आठवली. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना ती मी काय सांगणार, पण सांगितली. 1560 साली पोर्तुगीज अमलाखालच्या कुठ्ठाळीहून मंगेशाचं लिंग भक्तांनी नदीपार प्रियोळला नेलं, कारण प्रियोळचा अंत्रुज महाल (आजचा फोंडा भाग) तेव्हा त्या अमलाबाहेर होता. केळशीची शांतादुर्गाही त्याच शतकात कवळ्याला आली. "ती मूर्ती डोक्यावर घेणाऱ्यांची श्रद्धा कमी होती का, ताई? त्यांनी होडी शोधली, वाट शोधली, पलीकडे ओळखीचं कोण आहे ते पाहिलं." ताई पहिल्यांदा किंचित हसल्या. तक्रार त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिली, यजमानांना बरोबर घेऊन.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवापुढे मांडतात तसं मागणं मोठ्यानं मांडायला सांगितलं, तिथेच, खोलीत. त्यांचं लहानपण गाऱ्हाण्यातच गेलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू झाल्या. दिराची बुद्धी ताळ्यावर येऊ दे, त्याचा डाव उलटू दे, बोलणाऱ्यांची तोंडं बंद होऊ दे. प्रत्येक ओळीनंतर मी हळूच 'व्हय महाराजा' म्हणत होते. संपल्यावर मी टिपून घेतलेलं वाचून दाखवलं. अकरा मागण्या होत्या, अकराही दुसऱ्यांबद्दल. ताईंनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं.

त्या ऐकून रडल्या. मग म्हणाल्या, "मी देवीकडे वकील म्हणून जात होते."

कवळ्याच्या शांतादुर्गेच्या एका बाजूला विष्णू आहे, दुसऱ्या बाजूला शिव. दोघे लढायला उभे ठाकले तेव्हा ती मध्ये आली आणि दोघांना शांत केलं, अशी कथा आहे. ही आठवण ताईंनीच काढली. दिरासकट दोन्ही बाजू जिच्याजवळ मावतात तिच्याकडे आपण गेलो, तर दुसऱ्याला हाकलून द्यायला सांगायचं कशाला, असं त्या म्हणाल्या. डोंगराचा निकाल कागदपत्रं आणि अधिकारी लावतील. देवीकडे मागायचं ते वेगळं.

नवं गाऱ्हाणं त्यांनी वहीत लिहून आणलं. रात्री झोप लागू दे. ग्रामसभेत आवाज कापला तरी वाक्य पुरं होऊ दे. दिराच्या मुलांचं वाईट माझ्या मनात येऊ नये. झर वाहती राहू दे. पाचवी ओळ त्यांनी खोडून पुन्हा लिहिली होती: चवथीला मूळ घरी जायचं बळ दे.

चवथ हीच खरी कसोटी होती. घराण्याचा गणपती एकच, मूळ घरात, दिराच्या ताब्यात. न जावं तर आपण वाळीत पडलो हे आपणच कबूल केलं असं होतं, आणि जावं तर उंबऱ्यावर काय होईल सांगता येत नाही. मी कोणताही सल्ला दिला नाही. फक्त आम्ही तालीम केली: आत शिरताना श्वास कसा सोडायचा, नजर कुठे ठेवायची, कुणी टोमणा मारला तर कोणतं एकच वाक्य बोलायचं, आणि जीव घाबरा झाला तर कुणाबरोबर बाहेर पडायचं. धाकटी जाऊ बरोबर राहायला तयार झाली. वाड्यात सगळेच विरोधात नव्हते. घाबरलेल्या माणसाला ते दिसत नाही, म्हणून ते शोधावं लागतं.

चवथीनंतरच्या आठवड्यात त्या आल्या. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला, बांधायला घरामागचा निरफणस घेऊन गेल्या होत्या. दिराच्या बायकोनं तो न बोलता हातातून घेतला आणि बांधला. आरतीला दीर घुमट वाजवत होता, त्यानं मान वर केली नाही. ताईंनी टाळ घेतले. हात थरथरत होते, ताल दोनदा चुकला, तरी आरती संपेपर्यंत त्या उभ्या होत्या.

डोंगराबद्दलचं पत्र अजून सरकारी टेबलावर आहे. दीर अजून बोलत नाही.

"आणि झोप?" मी विचारलं.

"पाच तास," त्या म्हणाल्या. छत्री उचलली, दारात थांबून "देव बरें करूं" म्हणाल्या आणि बस गाठायला निघाल्या.