'ह.भ.प.' स्वतःच लावावं का? आणि 'दासानुदास' म्हणजे नम्रच का?

प्रश्न असा आला आहे: हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत प्रत्येक कीर्तनकाराच्या नावामागे 'ह.भ.प.' असतं, ते ठीक. पण हल्ली काही महाराज स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या व्हिडिओखाली स्वतःच 'ह.भ.प.' किंवा 'प.पू.' लावतात, आणि तेच महाराज निवेदनाखाली 'आपला दासानुदास' अशी सही करतात. भाषेच्या दृष्टीने यात चूक काय, बरोबर काय? शिवाय संत स्वतःला 'तुका', 'नामा' म्हणत, ती नम्रता धरायची की नुसती कवितेची रीत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच दडली आहेत.

मराठीत मानाचं रूप दुसऱ्याने लावायचं असतं. राव, पंत, जी, बा, साहेब हे सगळे समोरच्याने जोडायचे तुकडे. फोनवर आपण 'मी कुलकर्णी बोलतोय' म्हणतो. 'मी कुलकर्णीसाहेब बोलतोय' असं कुणी म्हणालं तर पलीकडचा मनातल्या मनात हसतो. 'मी जोशीकाकू बोलतेय' मात्र खपतं, कारण 'काकू' म्हणजे ऐकणाऱ्या पोराशी असलेलं नातं. त्यात मान मागितलेला नसतो. बायका पूर्वी स्वतःच्या नावामागे स्वतःच 'सौ.' लिहीत, तेही स्थिती सांगायला, मोठेपणा सांगायला नव्हे.

आता संतांच्या नाममुद्रा बघा. तुका, नामा, एका, चोखा, जनी. ही घरात, गल्लीत हाक मारायची रूपं आहेत. तुकाराम, नामदेव, एकनाथ ही पूर्ण नावं त्यांना ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? अभंगाच्या शेवटच्या चरणात त्यांनी जवळचं, तोकडं रूप बसवलं, आणि 'बा' लोकांनी जोडला: तुकोबा, चोखोबा, ज्ञानोबा. याचं अगदी अलीकडचं उदाहरण विदर्भातलं. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळे यांना गुरू आडकोजी महाराजांनी 'तुकड्या' हे नाव दिलं. भजनांत ते शेवटपर्यंत 'तुकड्या म्हणे', 'तुकड्यादास' असंच म्हणत राहिले. 'तुकडोजी' केलं लोकांनी, 'महाराज' लोकांनी, 'राष्ट्रसंत'ही त्यांना इतरांनीच म्हटलं. एकाच माणसाच्या नावाची ही दोन टोकं, आणि कुठलं टोक कुणाच्या हातात होतं हे अगदी स्पष्ट दिसतं.

ही कवितेची रीत होती, हे खरंच. मुखोद्गत राहणाऱ्या रचनेवर कर्त्याचा शिक्का लागतोच. पण रीतीतही निवड असते. एकनाथांनी 'एका जनार्दनी' म्हणत स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडून टाकलं. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्याच ओवीत कर्ता स्वतःला 'निवृत्तिदासु' म्हणवतो, आणि ज्ञानदेवांच्या अनेक अभंगांत तर 'बाप रखुमादेवीवरु' एवढंच येतं. कवीचं नावच नाही, विठ्ठलाचं आहे.

इथे एक सावधगिरी. एकेरी म्हणजे कमीपणा, असं सरळ समीकरण मराठीत बसत नाही. आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो, आणि 'तुका झालासे कळस' म्हणताना तुकोबांचा मान कमी करत नाही. त्यामुळे 'तुका म्हणे' यात लहानपण आहे तशी सलगीही आहे. देवाशी घरच्यासारखं बोलायचं तर नावही घरचंच हवं.

आणि संत नम्र होते म्हणजे ते सदैव 'मी क्षुद्र, मी क्षुद्र' असंच म्हणत होते, हाही एक गोड गैरसमज आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडा. सुरुवातीलाच दावा येतो: एकदा लक्ष द्या, मग सर्व सुखांना पात्र व्हाल, 'हें प्रतिज्ञोत्तर माझें । उघड ऐका'. केवढी ही प्रतिज्ञा! पण लगेच पुढची ओवी: 'परी प्रौढी न बोलें हो जी'. तुम्हा सर्वज्ञांच्या समाजात मी बढाई मारत नाही, ही 'विनवणी सलगीची' आहे. (प्रौढी मिरवणे हा आजचा वाक्प्रचार याच 'प्रौढी'तला.) सहाव्या अध्यायात अमृताशी पैज लावून जिंकायची भाषा आहे, पण ती 'माझा मराठाचि बोलु' म्हणून, भाषेच्या वतीने. तुकोबांचं 'अणुरणीया थोकडा । तुका आकाशाएवढा' तर एका दमात दोन्ही टोकं गाठतं. थोकडा म्हणजे लहान. अणूहून लहान आणि आकाशाएवढा. मधलं, बेताचं, सोयीचं माप त्यात नाहीच.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'आम्ही वैकुंठवासी' हे. वैकुंठातून आलो म्हणणं म्हणजे दाव्याची हद्द झाली. त्यात 'आम्ही', म्हणजे आजच्या मठाधिपतींच्या तोंडी असतो तोच अनेकवचनी थाट, असं वाटावं. पण आलो कशाला? 'झाडूं संतांचे मारग'. रस्ते झाडायला. आणि ताटात काय पडलं तर चालेल? 'उच्छिष्टाचा भाग । शेष उरलें तें सेवूं'. म्हणजे पदवी वैकुंठाची आणि हातात केरसुणी. शिवाय हे 'आम्ही' एकट्याचं नाही. आधीच्या ऋषींच्या बोलाला जागणाऱ्या सगळ्यांचं आहे. राजाच्या 'आम्ही'त बाकीचे बाहेर राहतात, या 'आम्ही'त ते आत येतात. कानाला फरक लगेच कळत नाही, वाक्य पुढे गेल्यावर कळतो.

तेव्हा 'मी' म्हटलं की अहंकार आणि 'दास' म्हटलं की नम्रता, हा हिशेब इथेच कोसळतो. उलट सगळ्यात निसरडं वाक्य सगळ्यात नम्र दिसतं: 'मी नाही बोलत, तो माझ्याकडून बोलवून घेतो.' तुकोबांनी हे म्हटलंय, 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत', आणि 'काय म्या पामरें बोलावीं उत्तरें । परि त्या विश्वंभरें बोलविलें'. तिथे ते ऋणाची कबुली म्हणून येतं. पण हेच वाक्य व्यासपीठावरून, हजारो अनुयायांपुढे, एखाद्या वादग्रस्त आदेशानंतर आलं तर? मग त्याचा अर्थ होतो की मला प्रश्न विचारू नका, विचारायचे तर देवाला विचारा. शब्द तेच, पण एकात श्रेय परत केलंय आणि दुसऱ्यात जबाबदारी. माझ्या मते महाराजांची भाषा तपासायची तर इथे तपासावी, 'दास' किती वेळा आला ते मोजत बसू नये.

आता 'दासानुदास' या सहीकडे येऊ. दासाचाही दास, असा हा शब्द. भक्तिपरंपरेत त्याला खरं वजन आहे. पण सहीत आलेला नम्र शब्द हा बहुतेक वेळा साचा असतो. आपल्या आजोबांच्या पत्रांत 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' असायचं, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. लिहिणारा काही जमिनीवर आडवा पडून लिहीत नसे. अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' लिहिणाऱ्याने आयुष्यात कुणाची आज्ञा पाळली नसेल. लग्नपत्रिकेतलं 'आपले नम्र' बघा, त्याखाली अख्ख्या भावकीची नावं पदव्यांसकट, ठळक टायपात. कुणी त्याला ढोंग म्हणत नाही, कारण कुणी ते शब्दशः वाचतच नाही. रोमचे पोप अधिकृत दस्तऐवजांत स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या ग्रेगरीने ते वापरलं, आणि पुढे ती पोपचीच पदवी झाली. नम्र शब्द शिक्क्यावर गेला की त्याची अशीच गत होते. म्हणून 'दासानुदास' सहीला मी नम्रतेचे गुणही देणार नाही आणि ढोंगाचे उणेही करणार नाही. भाषिकदृष्ट्या ती 'आपला विश्वासू'च्या रांगेतली.

एका प्रकारच्या 'दास'पणाला मात्र या चर्चेत ओढू नये. चोखोबांचं 'जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार' हे पुष्कळदा नम्रतेचा नमुना म्हणून सांगितलं जातं. 'जोहार' हा महार समाजाने वरच्यांना करायचा नमस्कार होता, त्यांच्यावर लादलेला. 'उष्ट्यासाठी आलों' हे त्यांच्या बाबतीत रूपक होण्याआधी जगणं होतं. तुकोबांचं उच्छिष्ट आणि चोखोबांचं उष्टं हे म्हणूनच एका मापाने मोजता येत नाही. पाटावर बसलेल्या माणसाने 'मी दास' म्हणणं आणि ज्याला देवळाच्या बाहेरच उभं केलं त्याने म्हणणं, यांना एकच शब्द पुरत नाही. त्याच चोखोबांनी 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' म्हणून सुनावलंही आहे.

लोक कसे शब्द फिरवतात याची दोन उदाहरणं दिल्याशिवाय राहवत नाही. मनाच्या श्लोकांतलं 'समर्थाचिया सेवका वक्र पाहे । असा सर्व भूमंडळी कोण आहे' सगळ्यांना पाठ आहे. यात समर्थ कोण? राम. आणि सेवक? राम-दास, लिहिणारा. आज नुसतं 'समर्थ' म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सेवक येतो, धनी येत नाही. दुसरं पंढरपुरातलं. भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी महाद्वाराची पायरी होणं मागितलं, असं परंपरा सांगते. आज भाविक त्या पायरीवर डोकं टेकतात आणि पाय न ठेवता ओलांडून जातात. 'चरणरज' व्हायला निघालेल्याला लोकांनी पूज्य करून टाकलं. यात नामदेवांचा दोष नाही, लोकांचाही नाही. मान असाच चालतो. काही जण मात्र तो दारातच अडवतात. गाडगेबाबा कुणाला पाया पडू देत नसत.

'प.पू.'ची पंचाईत इथे आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातली ज्ञानलक्षणांची यादी 'अमानित्व' या शब्दाने सुरू होते, आणि ज्ञानेश्वरीत त्यावर ओव्यांची रांग लागते. त्यातली एक: 'पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ती कानीं नायकावी । हा अमुका ऐसी नोहावी । सेचि लोकां'. से म्हणजे आठवण. 'हा अमुक' अशी लोकांना आठवणसुद्धा होऊ नये! ज्या ग्रंथावर प्रवचन करायचं त्याची ही अपेक्षा, आणि पाठीमागच्या फ्लेक्सवर 'परमपूज्य' वीस फुटांत. आयोजकांनी लिहिलं तर आयोजकांचा उत्साह म्हणून सोडून देता येतं. स्वतः लिहिलं तर दासबोधातल्या मूर्खलक्षणांत जागा राखलेली आहे: 'आपली आपण करी स्तुति'.

'श्री १०८', 'श्री श्री १००८' यांचं वेगळं. तो आकडा म्हणजे इतक्यांदा 'श्री' म्हणा असं समजायचं. 'श्री' मोजून देण्याची हौस जुनी आहे. पत्रलेखनाच्या एका संस्कृत श्लोकात गुरूला सहा श्री, धन्याला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, चाकराला दोन, आणि बायको-मुलाला एकेक अशी वाटणी सांगितली आहे. शत्रूला मित्रापेक्षा एक श्री जास्त, ही व्यवहारबुद्धी मला फार आवडते. सहावरून १००८वर आपण कसे पोहोचलो ते विचारू नका. 'अनंतश्रीविभूषित' म्हटल्यावर तर मोजणीच संपते.

राहिलं 'ह.भ.प.'. याचा विस्तार 'हरिभक्तपरायण' किंवा 'हरिभक्तिपरायण'. दोन्ही चालतात, पण विग्रह केला तर अर्थ सरकतो. दुसऱ्यात हरीची भक्ती हेच ज्याचं सर्वस्व तो. पहिल्यात हरीचे भक्त हेच ज्याचं सर्वस्व तो. पहिला अर्थ धरला तर ही अक्षरं नावामागे लावणारा म्हणतोय, समोर बसलेले तुम्ही हेच माझं सर्वस्व. अर्थाने हा शब्द दर्जा सांगत नाही, निष्ठा सांगतो. तीन अक्षरांत आखडल्यावर तो 'डॉ.'सारखा वाचला जाऊ लागला आणि तिथून घोटाळा झाला. वारकऱ्यांतलं 'माऊली' हे संबोधन असं आखडलं नाही, म्हणून ते अजून दोन्हीकडून वापरलं जातं. कीर्तनकार टाळकऱ्याला 'माऊली' म्हणतो, टाळकरी कीर्तनकाराला.

तेव्हा थेट उत्तर: पत्रिकेवर, बातमीत, सूत्रसंचालनात 'ह.भ.प.' जरूर लावा. स्वतःच्या कार्डावर नाव आणि खाली 'कीर्तनकार' एवढं पुरे; व्याकरण 'ह.भ.प.'ला अडवत नाही, पण मराठीचा कान अडवतो. 'प.पू.' स्वतः लावणं कानाला त्याहून खटकतं. 'दासानुदास' ठेवायचं तर ठेवा, फक्त त्याच कागदावर वरती 'प.पू.' नको. आणि एक विनंती छापखान्यासाठी: पूर्ण रूप लिहाल तेव्हा 'परायण' लिहा. 'हरिभक्तपारायण' सर्रास छापलं जातं, पण पारायण ज्ञानेश्वरीचं करतात.